जीपमधला उपग्रह संच: कोकणात पुरा-वादळानंतर धंद्याचा संपर्क परत कसा उभा करायचा

वाशिष्ठीचं पाणी २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानं तर बुडालीच, पाठोपाठ वीज गेली आणि मोबाइलही बंद पडले. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, अलिबागजवळ धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत विजेचे खांब आडवे केले आणि कितीतरी गावं अनेक दिवस संपर्काबाहेर राहिली. औषधांचा घाऊक व्यापार, पतसंस्था, दूध संकलन असे ज्यांचे व्यवहार थांबले की दहा गावांचं अडतं, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. पाणी ओसरल्यावर किंवा वारा पडल्यावर काही तासांत एका जीपमधून बोलणं, बिलं आणि ऑर्डरी सुरू करणं, एवढंच उद्दिष्ट धरलं आहे. उदाहरणाला औषध वितरक घेतला आहे: एक कार्यालय, एक गोदाम, तीन-चार गाड्या.

मोबाइल बंद पडतो तो टॉवर कोसळल्यामुळेच असं नाही. बऱ्याचदा आधी वीज जाते, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात आणि जनरेटरला डिझेल पोचवायला रस्ता नसतो. दुसरी अडचण फायबरची. तो रस्त्याच्या कडेने आणि पुलांवरून जातो, त्यामुळे रस्ता खचला की टॉवर धडधाकट असूनही मुका होतो. दोन कंपन्यांची सिमं खिशात ठेवून भागत नाही ते यामुळे. दोघांचेही फायबर एकाच पुलावरून गेलेले असू शकतात. तरीही एक सेटिंग जरूर करून ठेवा. मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग कंपन्यांना एकमेकांचं नेटवर्क वापरू देण्याचा आदेश देतो. त्याचा फायदा हवा असेल तर सगळ्यांच्या फोनमध्ये नेटवर्क निवड ‘ऑटोमॅटिक’वर आणि रोमिंग चालू हवं.

आधी परवानगी, मग खरेदी

भारतात उपग्रह फोन बाजारातून आणून वापरता येत नाही. थुराया आणि इरिडियम या परदेशी उपग्रह कंपन्यांचे फोन परवानगीशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांनी थुराया वापरला होता, त्यानंतर तपासणी फार कडक झाली. ट्रेकर मंडळी वापरतात ती इरिडियमवर चालणारी संदेश-यंत्रंही यातच येतात. ती घेऊन आलेले परदेशी पाहुणे विमानतळांवर अडवले गेले आहेत. दुबईहून किंवा अमेरिकेतून कुणी नातेवाईक प्रेमाने आणून देत असेल तर आधीच नको म्हणा. स्टारलिंकच्या उपग्रह इंटरनेटचंही तसंच. कंपनीला २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला, पण परदेशात घेतलेली तबकडी इथे आणून लावणं बेकायदाच आहे.

सरळ मार्ग दोन. बोलण्यासाठी बीएसएनएलची इनमारसॅट कंपनीच्या उपग्रहांवर चालणारी फोन सेवा, आणि डेटासाठी परवानाधारक कंपनीकडून व्हीसॅट, म्हणजे छोट्या डिशमधून उपग्रहावरून मिळणारी इंटरनेट जोडणी. ह्यूजेस, नेल्को आणि बीएसएनएल ही त्यातली जुनी नावं. फोनसाठी संस्थेच्या नावाने अर्ज, वापराचं कारण, वापरणाऱ्यांची ओळखपत्रं आणि दूरसंचार विभागाची मंजुरी लागते. व्हीसॅटची परवानगी सेवा देणारी कंपनी काढते, पण ती ठरावीक जागेसाठी असते. म्हणून करार करतानाच ‘हे यंत्र आम्ही गाडीतून हलवणार’ असं लेखी सांगा आणि शक्यता असलेल्या तीन जागांचे अक्षांश-रेखांश अर्जात द्या. न कळवलेल्या जागी डिश उभी केली तर कंपनीचा हब, म्हणजे तिचं मुख्य केंद्र, ती जोडून घेईलच असं नाही, आणि आपत्तीच्या दिवशी हा वाद घालायला कुणाला वेळ नसतो.

जागा निवडताना पाटबंधारे खात्याच्या पूररेषा पाहा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिन्ही जागा लाल रेषेच्या वर हव्यात, आणि त्यातली एक तरी नदीच्या पलीकडच्या अंगाला हवी.

हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत सुरू केलं तर मे संपायच्या आत हातात येतं. जूनमध्ये अर्ज करणाऱ्याचा तो पावसाळा गेलाच म्हणून समजा.

पहिला अर्धा तास फोनचा

आधी बोलणं, मग डेटा. हा क्रम उलटा करू नका, कारण डिश लावताना हबशी बोलावं लागतं आणि तेव्हा मोबाइल बंदच असतो.

उपग्रह फोन घरात, गाडीत, पत्र्याखाली चालत नाही. बाहेर या, दक्षिणेकडचं आकाश मोकळं असेल तिथे उभे राहा, अँटेना पूर्ण उघडून आकाशाकडे करा. फोन आधी स्वतःची जागा शोधतो, मग नोंदणी होते. बरेच दिवस बंद असलेल्या फोनला याला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात लोक अधीर होऊन इकडेतिकडे फिरतात आणि वेळ वाढतो, तेव्हा एका जागी थांबा. बोलताना आवाज उशिरा पोचतो, म्हणून वाक्य संपलं की क्षणभर थांबायची सवय लावा, नाहीतर दोघं एकाच वेळी बोलत राहतात. आयसॅटफोन २ सारखा संच भरलेल्या बॅटरीवर सुमारे ८ तास बोलण्याएवढा चालतो, म्हणजे विजेपेक्षा मिनिटांचाच हिशेब जास्त ठेवावा लागतो.

रोजच्या बोलण्याच्या दोन वेळा ठरवून टाका, उदाहरणार्थ सकाळी ८ आणि संध्याकाळी ६, प्रत्येकी दहा मिनिटं. पलीकडे पुण्यात किंवा मुंबईत एक माणूस कागद-पेन घेऊन बसलेला हवा, जो कंपन्यांना, बँकेला, कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना पुढे निरोप देईल. नंबर फोनमध्ये असले तरी लॅमिनेट केलेल्या कागदावरही हवेत, आणि ते नेमके कसे फिरवायचे, नंबराआधी कोणते आकडे लावायचे, हे प्रत्यक्ष फोन लावून तपासून लिहिलेलं हवं.

डिश उभी करणं

पेटीत काय असावं: १.२ मीटरची घडीची डिश आणि तिचा स्टँड, एलएनबी (उपग्रहाचा सिग्नल घेणारा भाग), २ किंवा ३ वॅटचा बीयूसी (सिग्नल उपग्रहाकडे पाठवणारा भाग), मोडेम, ३० मीटरपर्यंतच्या आरजी-६ केबलच्या दोन जोड्या, एफ कनेक्टर दहा-बारा आणि ते बसवायचं क्रिंपिंग हत्यार, स्वतःलाच चिकटणारी रबर टेप, कोनमापक, साधा कंपास, पान्यांचा संच, रिकाम्या गोणी आणि फावडं. केबल ३० मीटरपेक्षा लांब नको, कारण बीयूसीला वीज त्याच केबलमधून जाते. लांबी वाढली की व्होल्टेज पडतं. मग सिग्नल येताना दिसतो पण पाठवणं जमत नाही, आणि लोक तासभर डिशच हलवत बसतात.

चक्रीवादळ चालू असताना डिश लावू नका. १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात १.२ मीटरच्या डिशवर साधारण ६५ किलो वजनाएवढा जोर येतो. ६० किलोमीटरच्या वाऱ्यातही तो २५ किलोच्या आसपास असतो, आणि तो स्टँडच्या वरच्या टोकाला लागत असल्यामुळे उलथवणारा असतो. वारा पडेपर्यंत पेटी बंद ठेवा आणि फोनवर भागवा. उभी केल्यावर स्टँडच्या पायांवर वाळूने भरलेल्या गोणी ठेवा, एकूण २०० किलोच्या खाली नकोत. पुरानंतर वाळू-माती सापडतेच, म्हणून पेटीत गोणी रिकाम्या नेल्या तरी चालतात.

डिश जीपच्या टपावर बसवायचा मोह होतो. तो टाळा, किंवा गाडीला चारी बाजूंनी जॅक लावा. १.२ मीटरच्या डिशचा झोत जेमतेम सव्वा ते दीड अंश रुंद असतो. गाडीत एक माणूस चढला आणि एका बाजूची स्प्रिंग फक्त १ सेंटिमीटर दबली, तरी दोन चाकांमधल्या अंतरावर ते ०.४ अंश होतं. दर वेळी दार उघडलं की लिंक डळमळते ती याच्यामुळे. जमिनीवर, फरशीवर किंवा सपाट स्लॅबवर स्टँड ठेवलेला उत्तम.

चिपळूणहून पाहिलं तर ७४ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह जवळजवळ सरळ दक्षिणेला, सुमारे ६९ अंश उंचीवर असतो. ८३ अंश पूर्वेचा दिगंश (उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला दिशेचा कोन) १५१ आणि उंची ६७ च्या आसपास, तर ९३.५ अंश पूर्वेचा दिगंश १३० आणि उंची ५९. आपली जोडणी कोणत्या उपग्रहावर आहे ते कंपनीकडून घ्या आणि तिन्ही जागांचे आकडे आधीच काढून पेटीच्या झाकणावर चिकटवा. मग पुढीलप्रमाणे:

१. स्टँडचा खांब दोन्ही दिशांनी लेव्हल लावून अगदी उभा करा. इथे आळस केला तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो.

२. कंपासवर दिशा पाहा, पण जीप आणि लोखंडी फाटकापासून चार-पाच मीटर दूर उभं राहून. तिथून समोरचं एखादं झाड किंवा खांब हेरून ठेवा.

३. उंचीचा कोन डिशच्या पट्टीवर लावा. ऑफसेट डिश (जिचा सिग्नल घेणारा भाग मध्यावर नसून कडेच्या बाजूला असतो) डोळ्यांना वाटते त्यापेक्षा वरच पाहत असते, म्हणून नजरेवर विसंबू नका.

४. मोडेमवर सिग्नलचा आकडा पाहत डिश डावी-उजवीकडे अगदी हळू फिरवा. आकडा वाढून परत घसरू लागला की थांबा, दोन्ही बाजूंनी सारखाच घसरतो त्या दोन खुणांच्या बरोबर मध्ये बोल्ट आवळा. उंचीसाठी पुन्हा हेच करा.

५. बोल्ट आवळतानाही डिश सरकते. आवळून झाल्यावर आकडा परत पाहा.

६. आता उपग्रह फोनवरून हबला फोन लावा. तिथला माणूस तुमचा सिग्नल मोजतो आणि फीड (डिशच्या पुढच्या दांड्यावरचा, लहरी घेणारा-पाठवणारा भाग) किती अंश फिरवायचा ते सांगतो. ध्रुवण (लहरींच्या कंपनाची दिशा) जुळलं नाही तर दुसऱ्यांच्या वाहिनीत खरखर होते, म्हणून हे जुळल्याशिवाय हब पाठवण्याची परवानगी देत नाही. डिशपाशी एक आणि मोडेमपाशी एक असे दोघं लागतात.

७. पाठवणं सुरू झाल्यावर फीडच्या तोंडासमोर हात किंवा चेहरा आणू नका. काही दुरुस्त करायचं असेल तर आधी मोडेम बंद करा.

सगळे बाहेरचे कनेक्टर टेपने पूर्ण गुंडाळा. कोकणातल्या खाऱ्या हवेत उघडा एफ कनेक्टर एका पावसाळ्यात हिरवा पडतो. अचानक लिंक गेली तर पहिला संशय कनेक्टरमधल्या पाण्यावर घ्यायचा, उपग्रहावर नव्हे.

जोराच्या सरीत केयू बँड (अशी व्हीसॅट जोडणी बहुधा चालते तो लहरींचा पट्टा) मंदावतो, कधी काही मिनिटं पूर्ण तुटतो. इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: उपग्रह इतका उंच असल्यामुळे लहरींना पावसातून कमी अंतर जावं लागतं. सर ओसरली की लिंक आपोआप परत येते, तेव्हा पावसात डिशला हात लावू नका. फक्त फीडच्या तोंडावर साचलेले थेंब, आधी मोडेम बंद करून, मऊ फडक्याने पुसा. केए बँड पावसात याहून लवकर दबतो. इनमारसॅट फोनच्या एल बँडला मात्र पावसाचा फारसा त्रास होत नाही, म्हणूनही फोन हाताशी हवाच. मार्चचा दुसरा आठवडा आणि ऑक्टोबरची सुरुवात या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि रोज काही मिनिटं लिंक जाते. हा बिघाड नसतो.

वीज

मोडेम आणि बीयूसी मिळून ६० वॅट, राउटर १०, दोन लॅपटॉप ९०, दिवा आणि फोनचे चार्जर ३०. एकूण १९० वॅट. १२.८ व्होल्ट १०० अँपियर-तासाच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या ८० टक्क्यांपर्यंत वापरल्या आणि इन्व्हर्टरमधली गळती वजा केली तर साधारण साडेनऊ तास मिळतात, म्हणजे कामाचा एक दिवस. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपियर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी अर्ध्याच्या खाली नेऊ नये, म्हणून तिच्यावर चार तास कसेबसे निघतात. शिवाय ती उचलायला दोन माणसं लागतात आणि जीप वाकडी झाली की ॲसिड सांडतं.

बॅटऱ्या भरायला २ केव्हीएचा पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर पुरतो. विनापरवाना, विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, तेही धातूच्या कॅनमध्ये. प्लॅस्टिकच्या डब्यात भरून जीपमध्ये ठेवणं धोक्याचं आहे. जनरेटर नेहमी उघड्यावर, खिडक्या-दारांपासून दूर. पावसाने भिजतो म्हणून पडवीत किंवा गोदामात ओढून घेतलेला जनरेटर विषारी वायूने माणसं मारतो, आणि त्या वायूला वास नसतो.

अरुंद वाटेवरून काय जाऊ द्यायचं

समजा जोडणी खाली यायला २ एमबीपीएस आणि वर जायला ५१२ केबीपीएस आहे. नीट राखली तर एवढ्यावर औषध वितरकाचा सगळा व्यवहार चालतो. राखली नाही तर कुणाच्या तरी खिशातला फोन वाय-फायला जोडला जातो, फोटोंचा बॅकअप सुरू होतो आणि वर जाणारी वाट गच्च होते.

म्हणून राउटरवर यादी उलटी लावा. सगळं बंद, आणि मोजकंच उघडं: बिलिंग किंवा टॅलीचा सर्व्हर, बँकेचं पोर्टल, जीएसटी आणि ई-वे बिल, ईमेल, व्हॉट्सॲपचे मजकूर, आणि इंटरनेट फोन. विंडोजचं अपडेट, क्लाउड ड्राइव्हचं सिंक, व्हिडिओ, सगळं बंद. इंटरनेट फोनला जी.७२९ कोडेक (आवाज दाबून कमी डेटात पाठवण्याची पद्धत) निवडा, म्हणजे एका कॉलला साधारण ३० केबीपीएस लागतात, नेहमीच्या जी.७११ ला ८० च्या वर जातात.

भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर असतो. प्रश्न जाऊन उत्तर यायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात, आणि साधी टीसीपी जोडणी (पलीकडून पोच येईल तसा पुढचा डेटा पाठवणारी नेहमीची पद्धत) एवढ्या उशिरात दबून राहते. मोडेममध्ये यावर इलाज असतो, तो मधल्यामध्ये पोच देऊन वेग राखतो. पण दोन गोष्टी हा इलाज निकामी करतात. एक, आयपीसेक व्हीपीएन (कार्यालयाशी जोडणारी कुलूपबंद वाट), कारण त्यात मोडेमला आतलं काही दिसत नाही. कार्यालयाचं व्हीपीएन लागणारच असेल तर कंपनीला आधी सांगा आणि व्हीपीएनच्या आधी वेग राखणारी सोय मागा. शिवाय जोडणी मृत समजण्याची मुदत वाढवून घ्या. दुसरी गोष्ट, ब्राउझर हल्ली टीसीपीऐवजी यूडीपी ४४३ या वेगळ्या दरवाजावरून बोलतात. राउटरवर तो दरवाजा बंद केला की ते मुकाट्याने टीसीपीवर येतात आणि पानं पटपट उघडतात.

जुना डेटा उपग्रहावरून उतरवायचा विचारही नको. ५० जीबीचा बॅकअप २ एमबीपीएसने उतरवायला ५५ तास लागतात. एन्क्रिप्ट केलेल्या एसएसडीवर रोजचा बॅकअप घ्या. जून ते सप्टेंबर ती ड्राइव्ह संध्याकाळी कार्यालयातून बाहेर गेलीच पाहिजे, लाल रेषेच्या वर राहणाऱ्या कुणाच्या तरी घरी.

ओटीपीची अडचण

तयारी असूनही लोक अडकतात ते इथे. इंटरनेट आलं, बँकेचं पान उघडलं, आणि ओटीपी एसएमएसने येणार. मोबाइल नेटवर्क तर बंद!

ई-वे बिलाला २०२५ पासून सगळ्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची आहे. त्यात एसएमएसशिवाय संदेस ॲप आणि एनआयसी-जीएसटी-शील्ड ॲप असे पर्याय आहेत. शील्ड ॲप इंटरनेटशिवायही कोड तयार करतं, फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. ते आत्ताच दोन जणांच्या फोनवर नोंदवून ठेवा. बँकेकडे हार्डवेअर टोकन किंवा ॲपमधला कोड मिळतो का ते विचारा, आणि मिळत असेल तर चालू खात्याला तोच लावा. ईमेलला, बिलिंगच्या क्लाउडला ऑथेंटिकेटर ॲप.

दुसरी वाट वाय-फाय कॉलिंगची. जिओ आणि एअरटेल दोन्ही ही सोय देतात. वाय-फायवरून फोन नोंदला गेला तर कॉल आणि बऱ्याचदा एसएमएसही येतो. त्यासाठी राउटरवर यूडीपी ५०० आणि ४५०० उघडे हवेत. प्रत्येक फोन आणि प्रत्येक व्हीसॅट जोडणीवर हे सारखं चालत नाही, म्हणून ज्या नंबरांवर ओटीपी येतात ते नंबर एकेक करून तपासा.

दुकानदारांकडून पैसे घेताना सिमवर चालणारं स्वाइप मशीन निरुपयोगी, वाय-फायवर चालणारं हवं. यूपीआयला समोरच्याच्या फोनलाही इंटरनेट लागतं. त्याच्यासाठी वेगळं, पासवर्ड असलेलं आणि १२८ केबीपीएसवर बांधलेलं वाय-फाय ठेवा, आणि पैसे गेले की पासवर्ड बदला. बिलं मात्र लॅपटॉपवर ऑफलाइनच करत राहा, लिंक कधीही जाऊ शकते हे धरून.

मे महिन्यातला सराव

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक अख्खी सकाळ काढा. कार्यालयाचा मेन स्विच बंद करा, सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाका, आणि ज्यांनी आधी कधी डिश लावलेली नाही अशा दोघांना पेटी द्या. जाणकाराने बाजूला बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. पेटी उघडण्यापासून पहिलं ई-वे बिल निघेपर्यंत किती वेळ लागला, कुठला पाना सापडला नाही, कुठला पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात होता, ते लिहून काढा. दोन तासांच्या आत बिल निघालं तर तयारी ठीक आहे. पहिल्या खेपेला बहुतेकांचे चार तास जातात, ते प्रामुख्याने दिशा शोधण्यात आणि ओटीपीत.

सरावानंतर उपग्रह फोन दर महिन्याला एकदा चार्ज करा आणि एक कॉल लावून पाहा. सिमची मुदत संपलेली असते आणि ते नेमकं पुराच्या दिवशी कळतं. लिथियम बॅटऱ्या वर्षभर पूर्ण भरून ठेवू नका, ५०-६० टक्क्यांवर ठेवा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, किंवा हवामान खात्याने इशारा दिला की लगेच, पूर्ण भरा. जनरेटर बंद करून ठेवताना कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल रिकामं करा, नाहीतर ते चिकट होऊन दोरी ओढून हात दुखेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी उन्हात वाळवून परत आत टाका. श्रावणात ऊन नसेल तर तव्यावर मंद आचेवर.